ओकखाली चरणारी डुकरं: आरासेनाच्या डोंगरातला मोंतानेरा

स्पेनच्या देशी इबेरिको जातीची डुकरं ओकच्या रानात चरताना पाहायची असतील तर स्पेनच्या नैऋत्येला, सेव्हिलपासून साधारण 90 किलोमीटरवर असलेल्या आरासेना गावात मुक्काम टाकावा आणि नोव्हेंबरचा मध्य ते जानेवारीचा मध्य एवढाच काळ धरावा. मोंतानेरा म्हणजे ओकच्या फळांवर डुकरं चरवायचा हंगाम. उन्हाळ्यात हामोन, म्हणजे मीठ लावून मुरवलेली डुकराची मांडी, खायला मिळतो, पण झाडाखाली फळ नसतं. 6 आणि 8 डिसेंबरला देशभर सुट्टी असते; त्या आठवड्यात खोल्यांचे वांधे होतात. हाबूगो, कोर्तेगाना, लिनारेस ही गावं जवळजवळ आहेत, तरी बसच्या भरवशावर राहू नये, गाडी भाड्याने घ्यावी.

शेतावर जाण्याआधी वेळ ठरवून घ्यायची, आणि सकाळचीच. दुपारी पोट भरून कळप सावलीला आडवा होतो, मग बघण्यासारखं काही उरत नाही. त्याआधीचे दोन दिवस दुसऱ्या कुठल्याही डुकरांच्या गोठ्यात पाऊल टाकलेलं नसावं. नोव्हेंबर 2025 मध्ये बार्सिलोनाजवळच्या रानडुकरांत आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा जीवघेणा साथरोग सापडल्यापासून याबाबत कुणी सूट देईल अशी अपेक्षा धरू नका. बूट धुऊन, जंतुनाशकात बुडवूनच आत जायचं. त्याला दुसरंही कारण आहे: ओकची मुळं कुजवून झाड वाळवणारी ‘ला सेका’ची बुरशी ओल्या मातीबरोबर बुटांना आणि टायरना चिकटून पसरते.

आत गेल्यावर नजर आधी डुकरांवर जाते; ती झाडांकडे वळवा. देहेसा म्हणजे विरळ राखलेलं ओकचं रान, खाली गवत. फळ एकदम पडत नाही. आधी केहीगो जातीच्या ओकचं, मग एन्सिना या सदाहरित ओकचं, आणि बुचाच्या ओकचं सगळ्यात उशिरा. तिन्ही झाडं असलेल्या रानात हंगाम लांबतो. एन्सिनाचं फळ गोड, डुकरं तेच आधी वेचतात. जवळ उभं राहिलं तर कटकट असा आवाज येतो: फळ दाढेखाली फुटतं, गर आत जातो आणि टरफल ओठाच्या कडेने बाहेर पडतं. झाडाखाली फोडलेल्या टरफलांचा थर आणि मध्ये चुकार अख्खी फळं दिसली तर रानात अजून माल आहे. नुसती टरफलं आणि उकरलेली माती दिसली तर कळप हलवायला उशीर झालाय.

सगळं गणित इथेच आहे. स्पेनच्या 2014 च्या नियमांनुसार मोंतानेरात शिरताना कळपाचं सरासरी वजन 92 ते 115 किलो हवं, आणि 60 पेक्षा जास्त दिवसांत प्रत्येकाने किमान 46 किलो वाढायला हवं, तेही फक्त फळं आणि गवतावर. आकडे विचित्र दिसतात कारण हिशोब आरोबा या जुन्या वजनाच्या मापाचा आहे. एक आरोबा 11.5 किलोचा. किलोभर वाढीला ढोबळमानाने 10 किलो फळं लागतात, म्हणजे एका डुकराला साडेचारशे किलोच्या वर. हेक्टरभर रानातून फळं निघतात ती काही शे किलो. म्हणून झाडांच्या छत्रीने किती जमीन झाकली आहे ते मोजून हेक्टरी 0.25 ते 1.25 डुकरं एवढीच परवानगी मिळते. हा आकडा ताणला की जानेवारीतच फळ संपतं, वजन अडतं, खुराक द्यावा लागतो आणि अख्खा कळप ‘बेल्योता’, म्हणजे ओकच्या फळांवर पोसलेला, या दर्जातून बाद होतो. ओकला एका वर्षी लागतं, दुसऱ्या वर्षी लागत नाही, हेही धरून चालावं लागतं. आमच्या मते यजमानाला विचारायचा पहिला प्रश्न हाच: यंदा हेक्टरी किती सोडली, आणि गेल्या वर्षी किती?

दुसरा प्रश्न मोंतानेरापूर्वीच्या महिन्यांचा. तेव्हा रेशन मोजून देतात, मुद्दाम हात आखडून. सांगाडा वाढतो, चरबी साचत नाही, आणि भुकेलं जनावर रानात सुटलं की झपाट्याने भरतं. आधीच धान्यावर लठ्ठ केलेलं डुक्कर चालत नाही, आणि अंगातली धान्याची चरबी दोन महिन्यांत पुरती बदलतही नाही. कत्तलीच्या वेळी वय किमान 14 महिने असावं लागतं, ते याच संथपणामुळे जमतं.

गवताकडे पाहुण्यांचं लक्ष जात नाही, तिथेच चूक होते. ओकच्या फळात पिष्ट आणि ओलेइक आम्लाची चरबी भरपूर, प्रथिनं जेमतेम. ती गवतातून येतात, शिवाय ई जीवनसत्त्व. त्यामुळेच ही मऊ चरबी वर्षानुवर्षं मुरताना खवट होत नाही. शरदातला पाऊस चुकला तर फळं असूनही वाढ मंदावते. नाकात तारेची कडी दिसेल. बघायला बरी वाटत नाही, पण ती नसली तर ओल्या मातीत कळप गवताची मुळंच उलटी करतो. कडीशिवाय पाळायचं असेल तर तुकडे लहान करून कळप लवकर लवकर हलवावा लागतो. जाणता गुराखी दूरची चढणीची रानं आधी चारतो आणि सपाटीची शेवटासाठी राखतो, कारण दीडशे किलोचं जनावर टेकडी चढत नाही.

हाबूगोत मुरवणीचं तळघर जरूर बघा. मांडीला मीठ साधारण किलोमागे एक दिवस. पुढे थंड खोलीत मीठ आत समान पसरू देतात, मग वरच्या मजल्यावर खिडक्या उघडमीट करत वाळवण, शेवटी तळघर. 7 किलो आणि त्यावरच्या हामोनला किमान 730 दिवस. कसबी माणूस हाडाची सुई हाडाजवळ खुपसून वास घेतो. नासलेलं तिथेच कळतं.

हामोन विकत घेताना खुराचा रंग पाहू नका, त्याला लावलेली रंगीत पट्टी पाहा: काळी म्हणजे शुद्ध इबेरिको आणि बेल्योता, लाल म्हणजे बेल्योता पण ड्युरॉक या दुसऱ्या जातीशी संकर, हिरवी म्हणजे रानात राहिलेलं पण खुराकही खाल्लेलं, पांढरी म्हणजे गोठ्यातलं. ताजं मांस मिळालं तर प्रेसा किंवा सेक्रेतो हे खांद्याजवळचे चरबीदार तुकडे मागा. कोरड्या तापल्या तव्यावर, तेल न घालता, मीठ शेवटी. हामोन तिथेच खाऊन संपवा. मांस भारतात आणायला आयातीचा परवाना लागतो, तो नसेल तर विमानतळावर जप्त होतं.