रिपोर्ट नॉर्मल, हात वर जाईना

खांद्याच्या एमआरआयला माणूस उताणा झोपतो. हात अंगालगत, तळवा वर, वीस-पंचवीस मिनिटं हलायचं नाही. हललात तर फोटो बिघडेल, असं आम्ही रेडिओलॉजिस्टच दटावतो. म्हणजे हात उचलताना त्रास होतो म्हणून आलेल्या माणसाला आम्ही हात उचलू न देता तपासतो. रोजचंच काम, त्यामुळे यात काही वावगं वाटत नाही.

त्या दिवशी वाटलं. लासलगावकडचे एक हमालकाका, वय पंचेचाळीसच्या आसपास, पुन्हा माझ्यासमोर आले होते. पंधरा दिवसांपूर्वीचा रिपोर्ट माझाच: सुप्रास्पायनेटस टेंडन, म्हणजे हात उचलणाऱ्या एका स्नायूचा हाडाला बांधणारा दोर, जरासा सुजलेला, फाटलेलं काही नाही. मधल्या काळात कुठेतरी ‘खांदा आखडलाय’ म्हणून हात ओढून ओढून व्यायामही करून झाले होते.

“गोणीचं सोडा डॉक्टर, सदऱ्यात हात घालायचा तर बायको लागते.”

आधी सोनोग्राफी लावली. टेंडन ॲक्रोमियनखालून, म्हणजे खांद्याच्या माथ्यावरच्या हाडाखालून, सुळकन सरकला, कुठे अडलं नाही. तरी हात शंभरेक अंशांवर थबकला. मी धरून वर नेला, तर थेट कानापर्यंत गेला! आखडलेला खांदा दुसऱ्याच्या हातालाही दाद देत नसतो.

मग त्यांना आयआयटीव्ही खोलीत नेलं, जिथे हलता एक्स-रे पडद्यावर दिसतो; एरवी पोटाच्या बेरियम तपासणीसाठी असते ती. लेड ॲप्रन चढवला, पाय फूटस्विचवर, काही सेकंदांचंच स्क्रीनिंग. आधी चांगला डावा खांदा. हात चढतो तसं खवाट्याचं, म्हणजे पाठीवरच्या त्रिकोणी हाडाचं, खालचं टोक फासळ्यांवरून बाहेर सरकत जातं आणि सांध्याची उखळी वर तोंड करते. 1944 साली इनमन आणि सहकाऱ्यांनी मांडलेला हिशेब असा, की 180 अंशांतले साधारण 120 सांध्याचे, 60 खवाट्याचे. माणसागणिक थोडं इकडेतिकडे, पण दोघं चालतात बरोबरीने.

मग उजवा. दंडाचं हाड चढलं, चढलं, आणि खवाटा जवळपास जागीच. सांध्याने आपला वाटा चोख उचलला होता.

सदरा काढून भिंत ढकलायला लावली. उजव्या खवाट्याची आतली कड पाठीतून अशी वर आली, की टेक्निशियन “अरे बापरे” म्हणाला. हे बघायला यंत्राचीही गरज नव्हती! सेरेटस ॲन्टिरिअर नावाचा स्नायू खवाट्याला छातीच्या पिंजऱ्याशी धरून ठेवतो आणि फिरवतो. त्याची नस, लाँग थोरॅसिक, मानेतून निघून बगलेच्या कडेने खाली उतरते. खांद्यावर वाहिलेल्या ओझ्याने ती दुखावू शकते. खांद्याच्या नेहमीच्या एमआरआयच्या चौकटीत हा स्नायू धड येतही नाही. पण पाठ बघायला मला कुणी अडवलं होतं?

ईएमजीत, म्हणजे नस-स्नायूंच्या विजेच्या तपासणीतही तीच नस सापडली. मी जुन्या रिपोर्टला पुरवणी जोडली. ती लिहिताना पेन जरा जडच झालं होतं.

काकांना सांगितलं, नस बहुतेकदा आपसूक सुधारते, पण सहा महिने लागतील, वर्ष लागेल, कधी दोनही. तोवर ओझं बंद.

ते बोटांवर काहीतरी मोजत राहिले. “म्हणजे उन्हाळ कांदा गेला,” म्हणाले आणि डाव्या हाताने उजवा हात धरून बाहीत घालायला लागले.