प्रगतिपुस्तकातला शेरा

शाळेत माझ्या प्रगतिपुस्तकावर बाई दरवर्षी एकच शेरा लिहायच्या : ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही.’ चाळीस वर्षांनी साधारण तोच शेरा परवा कॉम्प्युटरने दिला. पुतण्याच्या लग्नाचे फोटो-व्हिडिओ असलेली पोर्टेबल हार्ड डिस्क जोडली, तर पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकट उगवली. हे उपकरण याहून वेगात काम करू शकतं, वेगवान पोर्टाला, म्हणजे केबल खुपसायच्या खाचेला, जोडा. मी दुर्लक्ष केलं, बाईंच्या शेऱ्याकडे करायचो तसंच, आणि ऐंशी जीबीची कॉपी लावली. अंदाजे वेळ : चाळीस मिनिटं.

कॉम्प्युटरला अशा वस्तू जोडतात त्या यूएसबीचं घराणं १९९६ सालचं. पहिल्या पिढीचा वेग सेकंदाला फार तर १२ मेगाबिट, २००० साली आलेल्या २.० चा ४८०, आणि २००८ च्या ३.० चा एकदम ५०००. तिन्ही पिढ्या एकाच दारातून ये-जा करतात, हे घराण्याचं मोठेपण आणि हीच गोची. काहीही कशातही बसतं आणि चालतंही. फक्त त्यात जो सगळ्यात संथ, त्याच्या चालीने वरात चालते. बरं, ४८० ऐकून हुरळायचं कारण नाही. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे झाले साठ मेगाबाइट. त्यातले हाती पडतात तीस-चाळीस. पगारासारखंच.

पहिला संशय केबलवर. अशा डिस्कच्या भोकाला दोन खण असतात, एक रुंद, शेजारी एक अरुंद. रुंद खणात जुन्या मोबाइलची चार्जिंगची केबल बिनबोभाट बसते, आणि डिस्क गुपचूप २.० च्या चालीने चालायला लागते. माझी तीच बसली होती. मग मूळ केबल कुठे? घरभर चौकशी झाली. बाबांनी शांतपणे ड्रॉवरकडे बोट दाखवलं. लाइट बिलांची गुंडाळी त्यांनी त्या केबलने बांधली होती. गाठ उत्तम होती, सोडवायला वेळ लागला.

केबल बदलली. चौकट पुन्हा हजर.

कुठेतरी कळलं होतं, की ३.० ची पिन घाबरत घाबरत, हळूहळू आत सारू नये. जुन्या चार पट्ट्या आधी टेकतात, नव्या पाच आतल्या बाजूला असतात. तेवढ्यात कॉम्प्युटर ‘२.० दिसतंय’ म्हणून मोकळा होतो. म्हणून एका दमात घातली. तरी तेच. पोर्ट तर चांगला निळाशार होता, ३.० ची खूण. शेवटी टेबलाखाली शिरून, मोबाइलचा टॉर्च दातांत धरून, कॅबिनेटचं झाकण काढलं. पुढच्या निळ्या पोर्टाची जाड केबल मधे एका छोट्या कन्व्हर्टरमधून बारीक होऊन मदरबोर्डवरच्या, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवरच्या, जुन्या २.० च्या पिनांवर बसवलेली. वरून कीर्तन, आतून तमाशा! ज्याने हे मशीन जोडून दिलं, त्याने पैसे मात्र निळ्या पोर्टाचे घेतले होते.

म्हणजे डिस्क बिचारी पहिल्यापासून निर्दोष. शेरा तिच्या नावावर आणि घोळ बाकाचा.

कॅबिनेटच्या मागच्या बाजूला खरे निळे पोर्ट दोन. एकात वायरलेस माउसचं, त्याचे संदेश पकडणारं, बोंडुक. त्याला १२ मेगाबिटसुद्धा पुरून उरतात, पण बसलेलं खिडकीच्या सीटवर. आणि संथ वस्तू वेगवान पोर्टात बसली, तर कोपऱ्यात काही उगवत नाही, हेही लक्षात आलं. शेजारच्या पोर्टात डिस्क लावली. चौकट नाही! कॉपी तेरा मिनिटांवर आली. मात्र माउसचा बाण अडखळत, उड्या मारत चालू लागला. ३.० च्या दळणवळणाचा गोंगाट रेडिओलहरींच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो आणि वायरलेस माउस त्याच पट्ट्यात बोलतो. चिपा बनवणाऱ्या इंटेल कंपनीने २०१२ मध्ये यावर एक सविस्तर टिपण काढलंय. उपाय साधा, दोघांना लांब बसवायचं. बोंडुक उपटून पुढच्या त्या ढोंगी निळ्या पोर्टात लावलं. दोघंही जागच्या जागी शोभले.

माझ्या जुन्या विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरच्या, म्हणजे उपकरणांच्या यादीच्या, पोटात, यूएसबी कंट्रोलरच्या प्रॉपर्टीजमध्ये, एक चौकोनही आहे : ‘यूएसबीच्या चुका मला सांगू नका.’ टिचकी मारली की शेरे बंद. प्रगतिपुस्तकावर असा चौकोन असता, तर मे महिने किती सुखाचे गेले असते! तरी मी तो रिकामाच ठेवलाय.

संध्याकाळी बाबा लाइट बिलांची सुटी चळत घेऊन दारात उभे.

“त्या वायरीची गाठ छान बसायची,” ते म्हणाले. “आता येताना सुतळी आण.”