न कापलेली पानं

मार्च उजाडला की माझ्या वर्गात कात्र्या, डिंकाच्या बाटल्या आणि जुन्या मासिकांचे गठ्ठे येऊन पडतात. मी न्यू जर्सीतल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये अकरावीला इंग्रजी शिकवते. या महिन्यात आम्ही एफ. स्कॉट फिट्झजेराल्डची 'द ग्रेट गॅट्सबी' वाचतो आणि ती वाचून झाली की प्रत्येकाने तिचं नवं मुखपृष्ठ करायचं असतं. आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अकरावीच्या मुलांना चित्रं कसली काढायला लावतेस?" तिला नीट उत्तर द्यायचं राहून गेलंय, म्हणून हे लिहायला घेतलं.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. काळ 1922 चा उन्हाळा, जागा न्यूयॉर्कजवळचं लाँग आयलंड. गॅट्सबी नावाचा श्रीमंत तरुण मोठमोठ्या पार्ट्या देतो, कारण कधीतरी त्यांतल्या एकीला डेझी येईल अशी त्याला आस आहे. डेझी त्याची जुनी प्रेयसी, आता दुसऱ्याची बायको. ती खाडीपलीकडे राहते. तिच्या घरासमोरच्या धक्क्यावर रात्रभर एक हिरवा दिवा जळतो आणि गॅट्सबी अंधारात उभा राहून त्या दिव्याकडे हात पसरतो.

पहिल्या वर्षी मी हे सगळं फळ्यावर लिहून दिलं होतं. हिरवा दिवा म्हणजे आशा. शहराच्या वाटेवरचा राखेचा पट्टा म्हणजे नैतिक ऱ्हास. जाहिरातीच्या फलकावरचे चष्मेवाले डोळे म्हणजे देव. परीक्षेत सगळ्या वर्गाने हेच उतरवलं आणि तो गठ्ठा तपासताना मला माझी दहावी आठवली. रसग्रहणाचा प्रश्न आला की आम्हीही असंच लिहायचो. दिवा आला की ज्ञान, पाऊस आला की विरह, वाट आली की आयुष्य. कविता कुठलीही असो, अर्थ गाईडमध्ये तयार असायचा. मला मार्क चांगले पडले होते, पण त्यातल्या एकाही कवितेपाशी मी थांबले नव्हते.

मुखपृष्ठाचा प्रयोग तिथून सुरू झाला. आता मी तीन अटी घालते. पात्रांचे चेहरे काढायचे नाहीत. वस्तू एकच घ्यायची. आणि जो रंग वापराल तो पुस्तकात कुठल्या पानावर आहे ते सांगता आलं पाहिजे. मुलं सगळ्यात जास्त या तिसऱ्या अटीवर कुरकुरतात आणि खरं शिकणं तिच्यामुळेच होतं, कारण पान शोधायला पुस्तक पुन्हा उघडावंच लागतं.

चेहऱ्यांना मनाई का, हे सांगताना मी लेखक फ्रान्झ काफ्काचा दाखला देते. 1915 मध्ये त्याची 'मेटॅमॉर्फोसिस', म्हणजे एका माणसाचा किडा होतो ती गोष्ट, पुस्तकरूपाने निघणार होती. चित्रकार मुखपृष्ठावर किडाच काढतो की काय, या धास्तीने त्याने प्रकाशकांना पत्र लिहिलं, की किडा काढू नका, लांबूनसुद्धा दाखवू नका. शेवटी मुखपृष्ठावर आला तो चेहरा झाकून घेतलेला एक माणूस आणि त्याच्यामागे अर्धवट उघडं दार. दारापलीकडे नुसता काळोख. ते चित्र मी पडद्यावर लावते आणि काही बोलत नाही. मुलं त्या दाराकडे बघत राहतात.

गेल्या वर्षी एका मुलाने अख्खं पान हिरवंगार करून आणलं, मधोमध झगझगीत दिवा. मी विचारलं, "कुठल्या पानावरचा हा?" तो म्हणाला, "मिस, सगळ्याच पानांवरचा." मी म्हटलं, मोज. त्याने मोजलं. दिवा पहिल्या प्रकरणाच्या शेवटी दिसतो, मग थेट पाचव्यात आणि त्यानंतर अगदी अखेरीला. पाचव्या प्रकरणात डेझी प्रत्यक्ष गॅट्सबीच्या शेजारी उभी आहे. तो तिला सांगतो, तुझ्या धक्क्यावर हिरवा दिवा जळत असतो. आणि निवेदक तिथे नोंदवतो, की आता तो पुन्हा धक्क्यावरचा एक साधा दिवा झाला, गॅट्सबीजवळच्या जादूच्या वस्तूंमधली एक कमी झाली. तो मुलगा ते वाक्य वाचून माझ्याकडे आला. "म्हणजे ती मिळाली आणि दिवा विझला?" विझला नव्हता, पण मी त्याला अडवलं नाही. आठवड्याने त्याने दुसरं मुखपृष्ठ आणलं. करडा, धुकट कागद, लाकडी खांब, खांबावरून लोंबणारी वायर आणि टोकाला एक बारका, कुठल्याही गोदीत असतो तसला दिवा. हिरवा रंग जेमतेम नखाएवढा. 'आशा' हा शब्द त्याच्या टिपणात एकदाही नव्हता.

प्रतीक असं हलतं, हे मला मुलांना दाखवायचं असतं. एकच वस्तू पहिल्या प्रकरणात एक असते, पाचव्यात दुसरी होते. व्याख्या पाठ केली की हे हलणं हातून निसटतं.

राखेच्या पट्ट्याचंही तसंच. तो लेखकाच्या मनातून आलेला नाही. न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स विभागातल्या कोरोना नावाच्या वस्तीत शहरातल्या शेगड्यांची आणि भट्ट्यांची राख खरोखर आणून टाकली जायची, तिचे डोंगर झाले होते. पुढे ती जागा सपाट करून तिथे 1939 चं जागतिक प्रदर्शन भरलं. आपल्याकडे टीव्हीवर यू. एस. ओपन टेनिस दिसतं ते आज त्याच परिसरात खेळलं जातं. एका मुलीचे वडील तिथल्या पार्किंगमध्ये कामाला होते. तिने राखेऐवजी टेनिस कोर्टचा निळा रंग घेतला आणि त्याच्या खालून करडा डोकावू दिला. तिसऱ्या अटीत ते बसत नव्हतं. मी बसवून घेतलं.

सगळ्यांची कामं भिंतीवर लागली की मगच मी 1925 चं मूळ मुखपृष्ठ दाखवते. आधी दाखवलं तर सगळे तेच काढतील. फ्रान्सिस क्युगाटने केलेलं हे चित्र आहे. गडद निळं आकाश, त्यात तरंगणारे बाईचे डोळे आणि लाल ओठ, एक हिरवा अश्रू, आणि खाली जत्रेसारखे दिवे. कादंबरी पुरी व्हायच्या आधीच चित्र तयार होतं. 1924 च्या ऑगस्टमध्ये फिट्झजेराल्डने आपल्या संपादकाला फ्रान्सहून कळवलं, की हे वेष्टण दुसऱ्या कुणाला देऊ नका, मी ते पुस्तकात लिहून टाकलंय. नक्की कुठे लिहिलं यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. चष्मेवाल्या फलकात, की निवेदकाला अंधारात तरंगताना दिसणाऱ्या चेहऱ्यात? मूळ चित्र आमच्याच राज्यात, प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. चित्र आधी आणि प्रतीक मागून, हे ऐकून मुलं चक्रावतात. मलाही ते दर वर्षी नव्याने नवल वाटतं.

आमच्या घरी मुखपृष्ठं झाकायची पद्धत होती. जूनमध्ये आई खळ शिजवायची आणि भाऊ नि मी खाकी कागदाची कव्हरं घालायचो. आतलं चित्र मार्चपर्यंत दिसायचं नाही. पण आजोबांच्या कपाटात कादंबऱ्या होत्या आणि त्यांवर दीनानाथ दलालांची चित्रं. त्या बायकांच्या माना, पदर, कोपऱ्यातली सही मला त्या कादंबऱ्या वाचण्याच्या कितीतरी आधीपासून पाठ होती. गोव्यात जन्मलेल्या या माणसाने मराठी घराघरांतल्या पुस्तकांना चेहरा दिला, हे मी माझ्या वर्गाला सांगते. फोनवरून आणवलेले फोटो दाखवते. भाषा येत नसूनही मुलं बरोबर ओळखतात, की इथे कुणीतरी कुणाची तरी वाट बघतंय.

या वर्षी एका अबोल मुलीने जे आणलं ते सांगून थांबते. तिसऱ्या प्रकरणात पार्टीला आलेला एक माणूस गॅट्सबीच्या ग्रंथालयात शिरतो आणि थक्क होतो, कारण तिथली पुस्तकं खरी असतात. फक्त पानं कापलेली नसतात. जुन्या पुस्तकांत पानांच्या घड्या जोडलेल्या यायच्या, वाचणाऱ्याने सुरीने कापत कापत पुढे जायचं. तिने तसं पुस्तकच बनवलं होतं. फिकट पिवळा कोरा कागद, वर बारीक अक्षरात नाव, आणि बाहेरची कड पूर्ण बंद. चित्र नाहीच. मी म्हटलं, "आणि तुझं टिपण?"

"आत आहे."

मी पुस्तक हातात फिरवत राहिले. फाडल्याशिवाय वाचता येणार नव्हतं. ती म्हणाली, "मिस, त्याच्या घरी इतके लोक आले. अंत्ययात्रेला कोण होतं? कुणीच त्याला उघडलं नाही." मग तिने डब्यातली लोण्याची सुरी काढून माझ्या टेबलावर ठेवली. "तुम्ही कापा. हळू कापा."

आजूबाजूच्या बाकांवरचे आवाज थांबले होते. मी वरच्या टोकाशी सुरी घातली आणि खाली ओढत आणली. कड सरळ कापली गेली नाही, दातेरी झाली, आणि कागदाचा बारीक भुसा माझ्या हजेरीपटावर पडला. आत दोन पानं भरून तिचं अक्षर होतं.