कन्नड घाट उजेडात उतरा, धुळ्यात मुक्काम गावाबाहेर करा

संभाजीनगर ते धुळे दीडशे किलोमीटर. नकाशाने सव्वातीन तास दाखवले. मेहुणा म्हणाला, जड वाहनं बंद आहेत, घाट रिकामा मिळेल. त्या भरवशावर आम्ही चारला निघालो आणि धुळ्यात पोचलो रात्री साडेदहाला. इंदूरला जाताना धुळ्यात थांबणाऱ्यांसाठी हे लिहितोय. गाडी नीट आहे आणि घाटात चालवायची सवय आहे, असं धरून चालतो.

जड वाहनांचं खरं आहे. 2023 मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठाच्या आदेशाने कन्नड घाट त्यांना बंद झाला. पण पिकअप, कार, दुचाक्या तिथूनच जातात आणि रस्ता तेवढाच अरुंद आहे. आम्ही शिरलो तेव्हा सव्वासहा झाले होते. श्रावणाची झड आणि असं धुकं, की पुढच्या गाडीचे लाल दिवेही दिसेनात. ऐन वळणावर केळीची पिकअप एका चाकावर कलंडलेली, घड चिखलात पडलेले, आणि दोन्ही बाजूंनी घुसलेल्या गाड्यांनी वाट पुरती बंद केलेली. दोन तास तिथेच. आईला बाथरूमला जायचं होतं. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, कुठे उतरवणार? सुटलो तेव्हा ब्रेकचा करपट वास गाडीत भरला होता.

म्हणून कन्नड दुपारी तीनच्या आत सोडा. पाच वाजून गेले असतील तर पावसाळ्यात कन्नडलाच राहा. उतरताना दुसरा गिअर सोडू नका, नुसत्या ब्रेकवर गाडी आणू नका. खोळंबा दिसला तर आपली लेन सोडून पुढे घुसू नका, त्या दिवशी घाट तुंबला तो त्यामुळेच. खाली चाळीसगावपासून धुळ्यापर्यंत रस्ता ठीक.

धुळ्यात आगीतून फुफाट्यात. फोनवर ठरलं होतं सोळाशे, पार्किंगसह. काउंटरवर बावीसशे: "साधी रूम गेली, आता एसीच आहे." पार्किंग म्हणजे समोरची गल्ली आणि राखणदाराला शंभर वेगळे. आई खुर्चीतच पेंगत होती, मुकाट्याने पैसे दिले. एसीतून रात्रभर कोमट वारा. पुढच्या वेळी गावात शिरणारच नाही, बायपासलगतच राहीन. तुम्हीही तेच करा. भाडं मेसेजवर लिहून घ्या आणि "गाडी गेटच्या आत लागेल का?" हे नेमक्या याच शब्दांत विचारा.

जेवण मात्र जन्मभर लक्षात राहील. अकराला बंद होत आलेल्या खानावळीत मालकांनी "कथाईन उनात भाऊ?" (कुठून आलात?) म्हणत पुन्हा चूल पेटवली. शेवभाजीचा काळपट लाल रस्सा उकळता आला आणि जाड शेव वेगळ्या वाटीत. शेव जेवताना, थोडी थोडीच टाका, नाहीतर लगदा होतो. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. तिखट आधीच कमी सांगा. भरीत पाटीवर दिसलं तरी पावसाळ्यात मागवू नका, ती हिरवी वांगी हिवाळ्याची.

दुसऱ्या दिवशी सोनगीर, शिरपूर, सेंधवा करत इंदूर. त्या रस्त्याबद्दल तक्रार नाही.

परतताना तोच कन्नड घाट सकाळी अकराला चढलो. ऊन होतं, रस्ता मोकळा. पंचवीस मिनिटं लागली.