पोर रानात एकटं पडलं तर?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मुलांना घेऊन सह्याद्रीत जायला लागल्यापासून पालकांचा हा प्रश्न ठरलेला: ‘आमचं पोर एकटं पडलं, तर निभावेल का?’

पूर्वी मी लगेच युलियाने कोपकेची गोष्ट सांगायचो. २४ डिसेंबर १९७१. पेरूमध्ये लिमाहून पुकाल्पाला निघालेलं विमान वादळात वीज पडून हवेतच फुटलं. ९२ जणांतून परत आली ती एकटी, सतरा वर्षांची. खुर्चीला बांधलेली, सुमारे तीन हजार मीटरवरून ॲमेझॉनच्या जंगलात पडली. कॉलरबोन मोडलेलं, चष्मा गेलेला, पायात एकच सँडल.

लोकांना यात चमत्कार दिसतो, मला ती सँडल दिसते. चष्म्याशिवाय साप दिसायचा नाही, म्हणून ती सँडलचा पाय आधी टाकायची, अनवाणी पाय मागून. आईवडील प्राणिशास्त्रज्ञ. त्यांच्या पांगुआना या संशोधन केंद्रावर ती दीडेक वर्ष जंगलातच राहिलेली. ओढा धरून गेलं की नदी लागते आणि नदीकाठी माणसं, हे घरातच शिकलेली. दंडाच्या जखमेत अळ्या पडल्या, तेव्हा काठावर सापडलेल्या बोटीजवळचं पेट्रोल तिने जखमेत ओतलं. वडिलांनी कुत्र्याच्या जखमेवर रॉकेल ओतलेलं तिने पाहिलं होतं. अकरा दिवसांनी लाकूडतोडे भेटले.

एका मुक्कामी ही गोष्ट मी फारच रंगवून सांगितली. दुसऱ्या दिवशी उतरताना चौदा वर्षांचा एक मुलगा मागे राहिला. मोजणी मी उशिरा केली, चूक माझीच. वाट चुकल्यावर गडी निघाला ओढ्याने खाली! अहो, आपल्याकडचा ओढा सरळ कड्यावरून उडी मारतो. दीड तासाने सापडला तो कोरड्या धबधब्याच्या तोंडाशी, दगडाला पाठ लावून, ओरडून घसा बसलेला.

“सर, पाण्याबरोबर जायचं म्हणालात ना?”

शिट्टी होती त्याच्याकडे. सॅकच्या तळाशी, डब्याखाली.

गोष्ट मी अजून सांगतो, पण कड्याच्या अलीकडे उभं राहून, खालचा ओढा दाखवत. चुकलात की आहात तिथेच बसा. मिनिटभरात सहा शिट्ट्या, मिनिटभर गप्प, पुन्हा सहा. शिट्टी गळ्यात.

तर, निभावेल का? आधी मला सांगा, त्याची सॅक कोण भरतं? त्या मुलाची आईने भरली होती.