आमची वाटचाल : उद्यमनगरातलं गॅरेज आणि वर्षाचं सर्व्हिसिंग कार्ड

गॅरेज आबांनी सुरू केलं, कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात. तेव्हा कामाला यायच्या त्या अ‍ॅम्बेसिडर, पद्मिनी आणि जीपा, मग मारुती 800 आली आणि सगळं बदललं. आबा कार्ब्युरेटर नुसत्या आवाजावर सेट करायचे. 2020 च्या एप्रिलपासून बीएस 6 (धुराच्या नव्या नियमाच्या) गाड्या आल्यावर बिघाड शोधणाऱ्या स्कॅनरशिवाय पान हलेना, तोही कर्ज काढून घेतला. ही झाली थोडक्यात हिस्ट्री, मला सांगायचंय ते वेगळंच.

नवीन गाडी बुक केली की आमची जुनी गिऱ्हाईकं हमखास विचारायला येतात, दादा, शोरूमवाला चार वर्षांचं सर्व्हिस पॅकेज आत्ताच घ्या म्हणतोय, घेऊ का? आता पॅकेज घेतलं तर ती गाडी चार वर्षं आमच्या दारात यायची नाही हे मलाही कळतं की, पण तरी सांगतो, घे किंवा नको म्हणायच्या आधी त्यात काय नाहीये ते वाच. साध्या पॅकेजात ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर आणि लेबर एवढंच असतं बहुतेक. ब्रेक पॅड, क्लच, वायपर, बॅटरी, टायर बाहेर. अलाइनमेंट-बॅलन्सिंग कधी आत कधी बाहेर. आमच्याकडची गाडी गगनबावडा नाहीतर आंबोली उतरून सारखी कोकणात जाणार म्हणजे खर्च ब्रेक पॅडवरच येणार ना, आणि पावसाळ्यात उंदरानं वायरिंग कुरतडलं तर ते सर्व्हिस पॅकेजात सहसा बसत नाही, ते इन्शुरन्सला विचारा.

दुसरं म्हणजे पहिलं वर्ष. बऱ्याच कंपन्यांत पहिल्या तीन सर्व्हिसिंगला लेबर तसंही फ्री असतं, मग पॅकेजच्या त्या वर्षात तुम्हाला मिळतं काय, तर ऑइल आणि फिल्टर. सेल्समनच्या कागदावर मात्र "एकूण बचत" मध्ये तेही मोजलेलं असतं कधीकधी, पेनानं गोल करून विचारायचं. आणि पॅकेजची रक्कम गाडीच्या लोनमध्ये घालू नका राव, ऑइल बदलायच्या पैशावर पाच-सात वर्षं व्याज कशाला.

पैसे आधीच भरल्यानं दर लॉक होतो हा फायदा खरा आहे, लेबर दरवर्षी वाढतंच. पण पार्ट्सचं तसं नाही, 22 सप्टेंबर 2025 पासून बऱ्याच पार्ट्सवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, म्हणजे दर खालीही येतात.

मग घ्यावं कुणी? ज्याची बदलीची नोकरी आहे, आज कोल्हापूर उद्या नागपूर, वॉरंटी सांभाळायचीय, बिलावर भांडायला वेळ नाही, त्याला मी स्वतः घे म्हणतो, फक्त गाडी विकली तर पॅकेज पुढच्या मालकाच्या नावावर होतं का ते लिहून घ्यायला सांगतो. ज्याचं रनिंग महिन्याला दोन-अडीच हजार किलोमीटर आहे त्यानं जपून. पॅकेजवर "चार वर्षं किंवा 40 हजार किलोमीटर, जे आधी होईल ते" असं असतं, त्याचं दीड वर्षात संपतं.

हे सगळं सांगता सांगता लोकंच म्हणायला लागली, मग तुमचंच काढा की एखादं. म्हणून आमचं कार्ड निघालं, एकाच वर्षाचं. एक फुल सर्व्हिसिंग, सहा महिन्यांनी ऑइल लेव्हल, कुलंट, ब्रेक चेकिंग, एसी फिल्टर साफ, आणि काय नाही त्याची यादी कार्डाच्या पुढच्या बाजूलाच, मागं बारीक अक्षरात नाही. काढलेला फिल्टर गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा हा आबांचा नियम, ऊस सीझनमध्ये तो हातात घेतला की काळ्या धुळीनं बोटं भरतात, मग बदलला का नाही हा प्रश्नच राहत नाही.

तीन वर्षांचं कार्ड काढा, एकदम पैसे येतील असं आमचे सीए पण म्हणाले. नको म्हटलं. पुढच्या सर्व्हिसिंगचे पैसे आज घेतले की ते पगारात आणि भाड्यात जातात, आणि गाडी दारात येते तेव्हा ऑइल खिशातून आणावं लागतं. छोट्या गॅरेजचं तेवढं पोट नसतं. टुरिस्टवाल्यांनाही कार्ड देत नाही, त्यांचा हिशोब किलोमीटरवर, महिन्याच्या खात्यावर चालतो.

परवा एका काकांनी शोरूमचं पॅकेजही घेतलं आणि आमचं कार्डही मागितलं. पॅकेज संपल्यावर या म्हटलं.