रगडा

आमच्या घरात बोलणं कोंकणीत आणि नाटक मराठीत. जत्रेत मध्यरात्रीकडे सुरू होणाऱ्या मराठी नाटकांत मी लहानपणापासून कामं केली, त्यामुळे आजीवर एकपात्री लिहायला बसले तेव्हा संहिता आपोआप मराठीतच उतरली. आणि माझी आजी ऐतिहासिक नाटकातल्या राणीसारखी बोलू लागली. "ही माती सोडून मी जाणार नाही!" आजी असं आयुष्यात बोलली नसेल. ती म्हणाली असेल, "हांव खंयच वचचें ना," आणि तोंड फिरवून खोबरं वाटत बसली असेल.

आजी कुर्डीची. गोव्यातल्या सांगे तालुक्यातलं, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. साळावली धरणाचं पाणी भरलं आणि १९८० च्या दशकात गाव बुडालं. दर मे महिन्यात पाणी ओसरतं, घरांची जोती वर येतात, गावची माणसं सोमेश्वराच्या देवळापाशी जमतात. पाऊस लागला की पुन्हा सगळं खाली.

आईने सांगितलेली गोष्ट अशी: गाव सोडताना ट्रक आला तेव्हा आजीने कपाटाआधी रगडा, म्हणजे वाटण वाटायचा जड दगड, चढवायला लावला. चार माणसं लागली. मी तो प्रसंग अगदी रंगवला होता. शेवटी संगीत, स्पॉट, सगळं.

पहिला प्रयोग वाडेंला, जिथे कुर्डीची माणसं वसवली तिथे, एका घराच्या पडवीत केला. पुनर्वसनातली पंचवीस-तीस माणसं, चहाचे कप हातात. ट्रकाचा प्रसंग आला तशी मागून एक म्हातारी म्हणाली, "बाय, रगडो कोणेंच व्हरूंक ना. थंयच उरला तो."

रगडा कुणीच नेला नव्हता, तिथेच राहिला. माझं पुढचं वाक्यच गेलं. प्रॉम्प्टर नव्हता. मी नुसती बघत राहिले. मग दुसरी कोणी म्हणाली की त्यांचाही राहिला. तिसऱ्याने पाट्याचं सांगितलं. पुढची वीस मिनिटं माझं नाटक मी प्रेक्षकांत बसून बघत होते.

घरी येऊन आईला विचारलं. ती जरा वेळाने म्हणाली, रगडा नंतर सांग्याच्या बाजारातून आणला होता. मला राग आला नाही. तिच्या गोष्टीत तो ट्रकात चढायलाच हवा होता.

संहितेतली अकरा पानं काढली. आता ट्रक नाही, संगीत नाही. मी जमिनीवर बसते, उजव्या हाताने नसलेला दगड फिरवते आणि डाव्या हाताने कडेचं खोबरं आत लोटते. एवढंच, बराच वेळ. खांद्यापासून फिरवलं तरच वजन दिसतं. मनगट फिरवलं की पेला विसळल्यासारखं वाटतं. हे कळायला दोन महिने तालीम केली. मग थांबून विचारते, तुमचं काय राहिलं? लोक सांगतात. मी ऐकता ऐकता वाटत राहते. हे नाटक आहे का, असं एका जाणकाराने विचारलं. असेल किंवा नसेल, पण कुठल्याही स्पर्धेत माझ्या कामाकडे लोकांनी इतकं टक लावून पाहिलेलं नाही.

चौथ्या प्रयोगाला आई आली. पहिल्या रांगेत बसली, काही बोलली नाही. परत येताना गाडीत म्हणाली,

"तुजी आजी दावरी गो."

म्हणजे दगड डाव्या हातात. गेला आठवडाभर पुन्हा पहिल्यापासून तालीम चालू आहे.